खड्डा खणायला मनाई

आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी विचारतात. इंग्लंडमधल्या गोल्फ क्लबात आधी हँडिकॅप विचारतात. पाणी नंतर, आणि तेही पाहुण्याच्याच खर्चाने. यात अपमान काही नसतो. ‘व्हिजिटर’ हा तिथला एक रीतसर वर्ग आहे. त्याचे वार ठरलेले, वेळा ठरलेल्या, गाडी कुठे लावायची ते ठरलेलं, आणि बऱ्याच जुन्या क्लबांत पहिला चेंडू कुठून मारायचा तेही ठरलेलं. एकदा हे सगळं मान्य केलं की पुढे सारे तुमच्याशी फार गोड वागतात.

माझी भाची ईस्ट ग्रिन्स्टेडला राहते, लंडनच्या दक्षिणेला. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर फॉरेस्ट रो नावाचं गाव आहे आणि गावाला लागून टेकडीच्या उतारावर रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्ट गोल्फ क्लब. तिने फोन करून माझी वेळ ठरवली. निघताना मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, “मावशी, टी-शर्ट आत खोच. बाहेर सोडलेला चालत नाही.” तिला गोल्फमधलं काही कळत नाही. पण इंग्लंडमध्ये काय चालत नाही, ते मात्र पक्कं कळतं.

या कोर्सवर एकही बंकर नाही. न खेळणाऱ्यांसाठी सांगते, बंकर म्हणजे वाळू भरलेला खड्डा. बहुतेक वेळा तो मुद्दाम खणलेला असतो आणि तुमचा चेंडू जिथे पडण्याची शक्यता जास्त, नेमका तिथे. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर असे ११२ आहेत. त्यांतल्या अनेकांना नावं आहेत आणि एकाचं नाव चक्क ‘हेल’ आहे. कोर्स आखणाऱ्याची बुद्धी लोक त्याच्या बंकरांवरून जोखतात. अ‍ॅशडाउनमध्ये या बुद्धीला वावच मिळाला नाही, कारण खड्डा खणायला मनाई होती. पाहुण्यांना नव्हे, क्लबालाच.

ही मनाई कुठून आली, ते सांगायला बरंच मागे जावं लागतं. मध्ययुगात हा सगळा मुलूख राजाच्या शिकारीचा. भोवती मातीचा बांध आणि लाकडी कुंपण, आत हरणं. पण आसपासच्या गावकऱ्यांचे या जमिनीवर जुने हक्क होते. गुरं चारायची, सरपण न्यायचं, गोठ्यात अंथरायला नेचा आणि हेदर कापून न्यायचं. १६९३ साली वाटणी झाली आणि सुमारे ६,४०० एकर जमीन या हक्कदारांसाठी मोकळी राहिली. पुढे १८७० च्या दशकात तिथले जमीनदार अर्ल डी ला वॉर म्हणाले, गुरं चारा, पण नेचा कापायचा नाही. हक्कदाराच्या वतीने नेचा कापणाऱ्या एका माणसाला त्यांच्या रखवालदारांनी अडवलं आणि खटला उभा राहिला. गावकऱ्यांच्या वकिलाने खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या घेतल्या. तुमचे वडील नेचा कुठे कापायचे, आजोबा कुठे, तेव्हा कोणी हटकलं होतं का? १८८१ साली अपिलात निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला आणि १८८५ साली संसदेने कायदा करून या वनावर एक संरक्षक मंडळ नेमलं. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. भाजावळीसाठी कवळ कुठून तोडायची यावरून दोन घरांनी तीन पिढ्या एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, अशी वाडी मला माहीत आहे. त्यामुळे नेच्यासाठी वरच्या कोर्टात जाणारी माणसं मला लगेच जवळची वाटली.

क्लब निघाला १८८८ साली, म्हणजे कायद्यानंतर तीन वर्षांनी. एका धर्मगुरूने जागा हेरली आणि कोर्स आखला. बायकांचा क्लब पुढच्याच वर्षी निघाला. व्हिक्टोरिया राणीने काही वर्षांत नावामागे ‘रॉयल’ लावायची मुभा दिली. राणी ‘रॉयल’ देऊ शकत होती. टोपलीभर वाळूचा खड्डा मात्र तिच्याही हातात नव्हता, कारण वनाचं मूळ रूप बदलायचं नाही असं मंडळाचं म्हणणं, आणि ते आजतागायत टिकलंय.

हे वाचून गेल्यामुळे माझं पाहुणेपण बरंच हलकं झालं. जिथे खुद्द यजमानाला प्रत्येक गोष्ट विचारून करावी लागते, तिथे पाहुण्याने कशाला अवघडून बसायचं?

ऑगस्टचे शेवटचे दिवस होते आणि हेदर फुललं होतं. पहिल्या टीवर उभं राहिलं की समोरचा उतार जांभळा दिसतो आणि त्यातून गवताचा एक पट्टा वर चढत जातो. तो फेअरवे. जांभळ्या भागाकडे बघायचं, तिथे जायचं नाही, हे सांगायला कुणी लागत नाही. गेल्यावर कळतं. हेदर दिसतं नाजूक, पण खालून काटक लाकूड असतं. पूर्वी याचे खराटे करत. चेंडू त्यात पडला की बुडाशी जाऊन बसतो, आणि वरची फुलं काही घडलंच नाही अशी हलत राहतात. चेंडू दिसला तरी सुटका नाही. हातातला क्लब फिरवला की फांद्या त्याच्या मानेला गुंडाळतात, तोंड वळतं आणि चेंडू हातभर अंतरावर डावीकडे नव्या झुडपात जातो. जाणते लोक तिथे वेज घेतात, मूठ घट्ट करतात, सगळ्यात जवळचं गवत कुठे आहे ते बघतात आणि चेंडू गुपचूप तिकडे काढतात. जिथे भोक असतं त्या ग्रीनकडे बघायचंसुद्धा नाही. गोल्फमध्ये शहाणपण आणि शरणागती यांत मला आजवर फरक सापडलेला नाही.

माझ्याबरोबर क्लबाचा एक सभासद खेळत होता. निवृत्त दंतवैद्य, सत्तरीच्या पुढचा. सोबत त्याची म्हातारी लॅब्राडोर कुत्री. कुत्री प्रत्येक टीवर ठरलेल्या अंतरावर बसायची, चेंडू मारेपर्यंत हलायची नाही, आणि आम्ही निघालो की दोन पावलं मागून यायची. आमच्या छावणीच्या क्लबात काही कर्नलसाहेबांना हे कधी जमलं नाही.

दंतवैद्याने आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून पाहिलेलं. हेदरमध्ये वाकायचा त्याला कंटाळा नव्हता. माझा चेंडू शोधायला तो माझ्याआधी पोचायचा. नियमाने शोधायला मिळतात तीन मिनिटं. २०१९ पर्यंत पाच मिळायची. जगभरातला खेळ जलद व्हावा म्हणून दोन मिनिटं कापली. ती कापणाऱ्यांना हेदरमध्ये उभं करून बघायला हवं. तीन मिनिटांत तुमचा चेंडू सापडत नाही. दुसऱ्यांचे सापडतात. पिवळे, नारिंगी, कुठल्यातरी मोटार कंपनीची मुद्रा असलेले, पावसाळे खाऊन करडे पडलेले. माझ्या एका चेंडूच्या बदल्यात त्या झुडपाने मला तिघांचे दिले, आणि तरी नियमाप्रमाणे दंड मलाच.

अशा वेळी कॅडीची आठवण येते. आपल्याकडे कॅडीशिवाय खेळणं कुणाच्या मनात येत नाही. इथे पाठीवर पिशवी घ्या, नाहीतर दोन चाकांची ट्रॉली स्वतः ओढा. कलकत्त्याला किंवा दिल्लीला खेळलात तर कॅडीखेरीज ‘आगेवाला’ही असतो. तो पुढे जाऊन उभा राहतो आणि चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवतो. आगेवाल्याच्या पायाच्या अंगठ्यात चेंडूचं नशीब पालटण्याची ताकद असते, अशी वदंता आहे. मी कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. एवढं खरं, की हेदरच्या कडेला एक आगेवाला उभा असता तर ११२ बंकरांचं काम करणारं हे झुडूप निम्म्यावर आलं असतं.

कॅडी नसल्याचा दुसरा परिणाम असा, की खरं बोलणारं कोणीच उरत नाही. माझा फटका चुकला की दंतवैद्य म्हणायचा, “दिशा छान होती.” दिशाही चुकली की, “अंतर मात्र बरोबर.” दोन्ही चुकलं तेव्हा त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “आवाज फार सुरेख आला.” आमच्या कॅडीने चेंडू हवेत असतानाच निकाल सांगितला असता, “मॅडम, डोकं उठलं.” तीन शब्दांत रोग आणि कारण. इंग्रजांच्या सभ्यतेबद्दल मला आदर आहे, पण त्या सभ्यतेत राहून कुणाचा खेळ सुधारल्याचं ऐकिवात नाही.

आता टेकडीविषयी. सपाट कोर्सवर शिकलेल्या माणसाला टेकडीवर पहिल्यांदा कळतं की आपण आजवर फक्त चेंडूचा विचार केला, पायांचा केलाच नाही. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. चढावर असेल तर उंच उडतो आणि अलीकडेच पडतो. उतारावर असेल तर खुरडत पळतो. हे पुस्तकात वाचून पाठ होतं. पण अ‍ॅशडाउनला एका पायाखाली चढ, दुसऱ्याखाली आडवा उतार आणि समोर ओढा, असं एकाच वेळी येतं. मग सगळी गणितं एकमेकांना छेद देतात. त्यात निसर्गाने जागोजागी चर आणि गवताळ खोलगे ठेवलेत. ते मात्र आधीपासूनचे असल्यामुळे मंडळाची हरकत नाही.

चढताना मी वारंवार थांबून दृश्य बघत होते. टेकडीवरच्या गोल्फमध्ये दृश्य हे दम खायचं सभ्य निमित्त असतं आणि दंतवैद्यही ते उदारपणे वापरत होता. दृश्य होतंही तसंच. ओळीने मागे सरत जाणारी झाडी, मधेच एखादी शेताची चौकट, पाइनचे चारदोन एकटे घोळके. वनाच्या माथ्यावर हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला साउथ डाउन्सची लांब निळसर पाठ दिसते आणि उत्तरेला नॉर्थ डाउन्सची. वाटेत गॉर्सची काटेरी झुडपं होती. त्यांचा खरा बहर वसंतात, पण एखाददुसरी फांदी बाराही महिने पिवळी असते. तिच्यापाशी उन्हात उभं राहिलं तर ओल्या नारळाचा वास येतो. मला वाटलं माहेरच्या आठवणीने भास झाला. दंतवैद्य म्हणाला, भास नाही, गॉर्सला नारळाचाच वास असतो. मग तो थोडा वेळ त्या झुडपाविषयी बोलला आणि माझा चेंडू कुठे गेला हा विषय सुदैवाने मागे पडला.

हे जांभळं-पिवळं माळरान पाहिलं की वाटतं निसर्ग असा जन्मजात सुंदर आहे. तसं नाही. माणसांनी शतकानुशतकं कापलं, गुरांनी खाल्लं, अधूनमधून जाळलं, म्हणून ते मोकळं राहिलं. सोडून दिलं तर आधी नेचा माजतो, मग बर्च, मग पाइन, आणि हेदर सावलीत मरतं. नेच्यासाठी भांडलेले ते गावकरी सौंदर्यासाठी भांडले नव्हते, गुरांच्या अंथरुणासाठी भांडले होते. आम्ही आज फी भरून बघत होतो ते त्यांच्या गोठ्यांमुळे. जमीन निकृष्ट, वाळूची, आंबट. शेतीला कुचकामी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चांगला गोल्फ समुद्रकाठीच होतो असं लोक मानत, कारण लंडनभोवतीच्या चिकणमातीत हिवाळ्यात बूट रुतत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सरे-ससेक्समधल्या या टाकाऊ माळांवर पाऊस पडला तरी पाणी ठरत नाही. रेल्वे होतीच. फॉरेस्ट रोलाही स्टेशन होतं. ते १९६७ साली बंद झालं. आता त्या रुळांच्या जागी सायकली आणि बाबागाड्या जातात.

सहावं होल म्हणजे ‘आयलंड’. जेमतेम सव्वाशे यार्ड, मधल्या वयाच्या बाईलाही एका फटक्यात गाठता यावं इतकं. ग्रीनच्या भोवती पाणी आणि चर. बाकी काही नाही. पण एवढ्या छोट्या अंतराला मोठं कारण सांगता येत नाही, ही त्यातली मेख आहे. चारशे यार्डांवर चुकलं तर वारा होता म्हणता येतं. दंतवैद्य म्हणाला, तो इथे वर्षानुवर्षं पाण्यात घालतोय आणि दर वेळी तितकंच आश्चर्य वाटतं. त्याने त्या दिवशीही घातला. मी माझा पलीकडे काढला आणि “आवाज सुरेख आला” म्हणायची संधी मिळाली, पण म्हटलं नाही. पाहुण्याने पायरी ओळखून असावं.

कोर्सभोवतीच्या वनात पायी फिरायला लोकांना कायद्याने मोकळीक आहे आणि वाटा फेअरवे ओलांडून जातात. माणसं आली की खेळाडूने थांबायचं. आम्ही एका कुटुंबासाठी थांबलो. आई, बाप, आणि कापडी अस्वल काखेत धरलेला मुलगा. अ‍ॅशडाउनमध्ये असं अस्वल वाटेत भेटणं नवलाचं नाही. वनाच्या दुसऱ्या अंगाला, हार्टफील्ड गावाजवळच्या शेतघरात ए. ए. मिल्न राहायचे. १९२५ साली त्यांनी ते घर घेतलं आणि पुढच्या वर्षी ‘विनी-द-पू’ आलं. पुस्तकातली झाडं, टेकडीचा माथा, लाकडी पूल हे सगळं या वनातलंच. मी तेव्हा कमरेत वाकून हेदर उपसत होते. मुलगा थांबला आणि म्हणाला, “काय हरवलंय?” मी म्हटलं, चेंडू. त्याने अस्वलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला धीर देत म्हणाला, “त्याचंही नेहमी हरवतं.” मग तिघे, अस्वलासह, फेअरवे ओलांडून गेले. आम्हाला घाई नव्हती. हक्कदार तेच होते.

क्लबहाउसला परतताना दंतवैद्याने मला अ‍ॅब मिशेलची गोष्ट सांगितली. नाव मला माहीत होतं, तो याच टेकडीवरचा हे नव्हतं. त्या काळी श्रीमंतांच्या क्लबाला जोडून गावातल्या कारागिरांचा, मजुरांचा वेगळा क्लब असे. इथला कँटलूप क्लब. ते आडवेळी खेळत आणि मोबदल्यात कोर्सची कामं करत. त्यांतलाच मिशेल, जन्म १८८७, पोट भरायला बागकाम करणारा. पुढे तो देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक झाला, आणि बियाण्यांची पाकिटं विकून गबर झालेल्या सॅम्युएल रायडरने त्याला स्वतःचा खासगी शिक्षक नेमलं. रायडर चषकाच्या झाकणावर सोन्याचा जो छोटा खेळाडू उभा आहे, तो मिशेल. गंमत अशी की १९२७ साली पहिली रायडर स्पर्धा झाली तेव्हा अपेंडिक्सने आजारी पडून हा घरी राहिला.

मला आमचा अली शेर आठवला. दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून वाढलेला, १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय. ज्या कोर्सवर त्याने लोकांच्या पिशव्या उचलल्या त्याच कोर्सवर तो जिंकला. मी हे सांगितलं तेव्हा दंतवैद्य बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दोघांनाही कुणी ‘दिशा छान होती’ असं म्हटलं नसणार.” माणूस वाटला होता त्याहून तिरकस होता.

चहाला त्याने मला सभासदांच्या टेबलावर बसवलं. कुत्री टेबलाखाली. वर जाड काप केलेला फळांचा केक, आणि हिशेब आधीच त्याच्या नावावर घातलेला, तेव्हा पाण्याबद्दलची माझी तक्रार मी इथे मागे घेते. तो म्हणाला, भारतातले कोर्स कसे असतात? पुण्या-मुंबईचे, दिल्लीचे हिरवेगार कोर्स त्याने टीव्हीवर पाहिलेच असतील, म्हणून मी त्याला छावणीतल्या छोट्या मैदानांविषयी सांगितलं. पाणी नाही, म्हणून तिथे ग्रीन नसतात, ‘ब्राउन’ असतात. वाळूत वापरलेलं इंजिन ऑइल मिसळायचं, थापून, दाबून गोल अंगण करायचं आणि मधे भोक. तुम्ही पट करायच्या आधी कॅडी गोणपाट ओढत चेंडूपासून भोकापर्यंत सरळ वाट करून देतो. पुढच्याने त्याची वाट वेगळी करून घ्यायची. मी गोल्फ अशाच ब्राउनवर शिकले.

त्याला हे फार आवडलं. गोणपाट किती रुंद, तेल वर्षातून किती वेळा, पावसाळ्यात काय करता, असं एकेक विचारत राहिला. मी गंमत म्हणून म्हटलं, तुम्हीही इथे एक करून बघा, हिवाळ्यापुरतं.

त्याने गंमत म्हणून घेतलंच नाही. कप खाली ठेवला आणि खिडकीतून अठराव्या ग्रीनकडे बघत सगळ्या बाजूंनी विचार केला.

“वाळूचं एक वेळ विचारून बघता येईल,” तो शेवटी म्हणाला. “तेलाला मात्र मंडळ हो म्हणणार नाही.”